कोंबडीतील मेदसंचय आणि आनुवंशिकी : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

कोंबडीचे वजन कसे वाढत गेले, हा इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे. तिच्या पोटातील चरबीलाही इतिहास असू शकतो, ही कल्पना मात्र सहसा मनात येत नाही. प्राणिशास्त्राचा अभ्यासक तिच्याकडे शारीरिक घटक म्हणून पाहतो, तर अर्थशास्त्राचा अभ्यासक वाया गेलेले खाद्य म्हणून. प्रस्तुत निबंधात या चरबीकडे विसाव्या शतकातील पैदास-धोरणाची साक्ष म्हणून पाहण्याचा प्रयत्न केला आहे. माणसाने तराजूवर केवळ वजन मोजले. परंतु त्या वजनाबरोबर भूक आणि चरबीही वंशात उतरली, हे या निबंधाचे मुख्य प्रतिपादन आहे.

तुऱ्याकडून तराजूकडे :

१९०२ साली विल्यम बेट्सन यांनी कोंबड्यांच्या तुऱ्याच्या आकारावरून मेंडेलचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात, हे दाखवून दिले. तुरा डोळ्यांना दिसतो आणि त्याचे प्रकार स्पष्टपणे वेगळे करता येतात. चरबीचे तसे नाही. ती कोणात थोडी, कोणात अधिक अशी अखंड श्रेणीत आढळते. अशा गुणांचे स्पष्टीकरण अनेक जनुकांच्या एकत्रित परिणामातून देता येते, हे १९१८ मध्ये आर. ए. फिशर यांनी गणिताने सिद्ध केले. चरबीचा आनुवंशिक अभ्यास या पायावर उभा राहिला. परंतु त्याची निकड निर्माण केली ती बाजारपेठेने.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत 'उद्याची कोंबडी' या नावाने स्पर्धा भरविण्यात आली. तिची राष्ट्रीय अंतिम फेरी १९४८ मध्ये झाली. स्पर्धकांनी पाठविलेली अंडी एकाच ठिकाणी उबवून पिल्ले सारख्या परिस्थितीत वाढविण्यात आली. कॅलिफोर्नियाच्या चार्ल्स व्हॅन्ट्रेस यांचा कॉर्निश व न्यू हॅम्पशायर यांचा संकर विजयी ठरला. रुंद छाती आणि जलद वाढ हे यापुढील आदर्श ठरले. या निवडीचे फलित पुढे कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात मोजले गेले. १९५७, १९७८ आणि २००५ या वर्षांच्या वाणांना सारखेच खाद्य देऊन वाढविले असता, ५६ व्या दिवशी त्यांची सरासरी वजने अनुक्रमे ९०५, १८०८ आणि ४२०२ ग्रॅम भरली. हा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. खाद्य तेच असल्याने हा फरक मुख्यतः वंशाचा होता, हे उघड आहे.

तीन प्रयोग :

वजनाबरोबर आणखी काय निवडले जाते, या प्रश्नाचे उत्तर तीन प्रदीर्घ प्रयोगांतून मिळते.

पहिला प्रयोग व्हर्जिनिया पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूटमध्ये पॉल सीगल यांनी १९५७ मध्ये सुरू केला. एकाच मूळ कळपातून आठ आठवड्यांच्या वजनानुसार जड व हलकी अशा दोन शाखा वेगळ्या करण्यात आल्या. सुमारे चाळीस पिढ्यांनंतर त्यांच्या वजनात जवळपास नऊपट अंतर पडले. निकष केवळ वजनाचा होता. तरीही जड शाखा खादाड व स्थूल झाली, तर हलक्या शाखेतील काही पिल्ले अन्नालाच तोंड लावीनात. निवड वजनाची झाली, पण बदलली ती भूक.

दुसरा प्रयोग फ्रान्समध्ये बर्नार्ड लक्लेर्क व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात आरंभिला. येथे वजन जवळपास सारखे ठेवून पोटातील चरबीनुसार दोन शाखा करण्यात आल्या. थोड्याच पिढ्यांत चरबीच्या प्रमाणात कित्येक पटींचा फरक पडला. मात्र दोन्ही शाखा खात होत्या जवळपास सारखेच. म्हणजे चरबी केवळ अतिखाण्याने येते असे नव्हे. खाल्लेले अन्न शरीर कशाकडे वळविते, हेही वंशाने ठरते.

तिसरा प्रयोग स्कॉटलंडमधील व्हाइटहेड आणि ग्रिफिन यांचा. पक्ष्यांत चरबी प्रामुख्याने यकृतात तयार होते आणि रक्तातून साठवणुकीच्या जागी जाते. म्हणून रक्तातील मेदवाहक प्रथिनकणांच्या प्रमाणावरून त्यांनी स्थूल व कृश शाखा निवडल्या. कोंबडी न कापता तिच्या चरबीचा अंदाज बांधणे यामुळे शक्य झाले.

जनुकांचा शोध आणि एक धडा :

२००४ मध्ये कोंबडीच्या जनुकसंचाचा आराखडा प्रसिद्ध झाल्यावर चरबीशी निगडित स्थाने शोधण्यास वेग आला. एका जनुकावर बोट ठेवता आले नाही. लहान परिणामाची अनेक स्थाने हाती आली. लेप्टिनची कथा याबाबत बोलकी आहे. उंदरात भुकेला लगाम घालणारे हे संप्रेरक कोंबडीतही सापडल्याचे १९९८ मध्ये जाहीर झाले. तो क्रम उंदराच्या क्रमाशी संशयास्पद इतका जुळत होता आणि वाद अनेक वर्षे चालला. कोंबडीचे खरे लेप्टिन २०१६ मध्ये वर्णिले गेले. त्याच्या आढळाच्या स्वरूपावरून ते सस्तन प्राण्यांप्रमाणे चरबीतून मेंदूला संदेश देणारे संप्रेरक नसावे, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. सस्तन प्राण्यांची चौकट पक्ष्यांवर जशीच्या तशी बसविणे किती फसवे ठरते, याचे हे उदाहरण होय.

निष्कर्ष :

या इतिहासाची किंमत ब्रॉयलरच्या आईबापांनी मोजली आहे. जलद वाढीच्या पिल्लांचे जनकपक्षी पोटभर खाऊ दिल्यास स्थूल होतात आणि त्यांची प्रजननक्षमता घटते. म्हणून त्यांना मोजूनमापून खाद्य दिले जाते. वंशात भूक वाढवायची आणि ताटातून अन्न काढून घ्यायचे, हा तो विरोधाभास आहे. इंग्लंडमध्ये या प्रथेला न्यायालयात आव्हान दिले गेले. तथापि २००४ मध्ये अपील न्यायालयानेही ते फेटाळले.

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही. व्हॅन्ट्रेस यांचे नाव पुढे कॉब या कंपनीच्या नावाशी जोडले गेले, आणि कॉबच्या वंशातूनच पुण्याच्या व्यंकटेश्वरा समूहाचा 'वेनकॉब' ब्रॉयलर महाराष्ट्राच्या शेडमध्ये पोहोचला. म्हणूनच आपल्या महाविद्यालयांत पैदासशास्त्र शिकविताना किती वजन वाढले, एवढाच प्रश्न विचारून भागणार नाही. त्या वजनाबरोबर आणखी काय वंशात उतरले, हाही प्रश्न विद्यार्थ्यांसमोर ठेवला पाहिजे. तराजू जे मोजतो तेवढेच आपण निवडतो, हा समज कोंबडीच्या चरबीने खोटा ठरविला आहे.