पट्टी कोणी बदलावी?



कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांतील कोणत्याहि गांवीं हरिनाम सप्ताहांत मंडळी भजनाला बसली कीं, पहिला अभंग निघण्यापूर्वीं एक प्रश्न हमखास विचारला जातो : "बुवा, पट्टी कुठली?" बुवा म्हणतात, "काळी एक." घसा बसला असेल तर म्हणतात, "आज पांढरी एकच ठेवा." पेटीवाला भाता उघडतो, पखवाजी हातोडी उचलतो आणि मग विठ्ठलाचें नांव निघतें. हा प्रश्न आपल्या इतका अंगवळणीं पडला आहे कीं, तो फारसा जुना नाहीं हें ध्यानांतहि येत नाहीं. तुकोबांच्या टाळकऱ्यांना तो कोणी विचारला नसेल. पेटीच नव्हती, तेथें पट्टी कोठून असणार? या पट्टीचा इतिहास आज मला आपणांस सांगावयाचा आहे. तो बैठकींतून रंगभूमीवर, रंगभूमीवरून नभोवाणीवर आणि तेथून थेट आजच्या संगणकांत जातो. कारण आठ-दहा वाद्यांची पट्टी एकदम कशी बदलावी हा प्रश्न तेथेंहि रोज उभा राहतो.

पेटीपूर्वीं षड्ज गवयाच्या गळ्यांत असे. तो जेथें आपला सा धरी तेथें तंबोऱ्याच्या तारा पिळल्या जात, सारंगीवाला आपल्या तरफा मिळवून घेई, आणि सारा सरंजाम गळ्याभोंवतीं उभा राही. यांत वेळ जाई, श्रोते पानसुपारी करीत. पण तत्त्व सरळ होतें. गळा स्थिर आणि वाद्यें चल. पखवाजानें हा धर्म आजहि सोडलेला नाहीं. त्याच्या उजव्या पुडीचा सूर वादीखालचे लाकडी गठ्ठे ठोकून षड्जाशीं मिळवितात आणि डाव्या पुडीला ओली कणीक लावून तिचा घुमार साधतात. बुवांनीं पट्टी बदलली कीं त्याला पुन्हां ठोकाठोक करावी लागते.

पेटीनें हें नातें उलटें केलें. हें वाद्य फ्रान्सचें. १८४० च्या सुमारास पॅरिसच्या अलेक्सांद्र दबें यानें त्याला आकार दिला. मिशनऱ्यांबरोबर तें हिंदुस्थानांत आलें, आणि त्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनीं मांडी घालून, एका हातानें भाता मारून वाजवितां येईल अशी हातपेटी प्रचारांत आणली. पेटींत पितळेचे सूर बसविलेले असतात. कानशीनें घासून ते उतरवितां किंवा चढवितां येतात, पण दोन पदांच्या मध्यंतरांत तें करीत बसणें शक्य नाहीं. म्हणजे वाद्य स्थिर झालें आणि गळा चल झाला. गवयानें आपल्या षड्जाला सर्वांत जवळची पट्टी शोधावी आणि तेथें जाऊन बसावें. काळी एक, काळी चार, पांढरी पांच हीं नांवें अशीं जन्मलीं. गळ्याला यंत्राच्या भाषेंत दिलेलीं हीं पहिलीं नांवें होत.

हा बदल महाराष्ट्रांत घराघरांत पोंचला तो मुख्यतः नाटकांमुळें. १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांचें 'शाकुंतल' पुण्यास रंगभूमीवर आलें. तोंवर खोपोलीपर्यंत रेल्वे येऊन चोवीस वर्षें आणि १८६३ सालीं बोरघाट खुला होऊन सतरा वर्षें झालीं होतीं. पुढें मुंबई-पुण्याच्या फेऱ्यांत नाटक मंडळ्यांचीं बिऱ्हाडें आमच्या कर्जत स्टेशनावरूनच घाट चढलीं. गोविंदराव टेंब्यांसारखा पेटीवादनांतला अधिकारी पुरुष १९११ च्या 'मानापमाना'ला चाली देतो आणि १९१३ सालीं बालगंधर्व व गणपतराव बोडस यांच्याबरोबर गंधर्व नाटक मंडळीचा भागीदार होतो, यावरून पेटीचें स्थान किती वर गेलें होतें तें कळेल. गंधर्वांच्या रंगभूमीवर तर पायानें भाता चालणारा ऑर्गन घुमूं लागला.

नाटकांत एक अडचण मात्र नित्याची होती. एकाच प्रवेशांत दोन नट, दोघांचे गळे वेगळे. एकाची काळी एक, तर दुसऱ्याची काळी चार. वाजविणाऱ्यानें तेवढ्यांत काय करावयाचें? पांढरी एकवरून बिलावलाचे सातहि सूर पांढऱ्या पट्ट्यांवर येतात. तेच काळी एकवरून काढूं गेल्यास पांच काळ्या आणि दोन पांढऱ्या पट्ट्या लागतात. सूर तेच, परंतु बोटांचा रस्ता निराळा. मुरलेला वादक बाराहि रस्ते जाणतो; सामान्य वादक दोन-तीन जाणतो आणि गाणाऱ्याला त्यांपैकीं एकावर ओढून नेतो. शाळेच्या नोकरींत मीं हें वर्षानुवर्षें पाहिलें. स्नेहसंमेलनाला पेटीवाला यावयाचा काळी एकचा, आणि दहा-बारा वर्षांच्या मुली वरच्या षड्जाशीं किंचाळत किंवा खर्जांत पुटपुटत राहावयाच्या. मग कोणी म्हणे, "हिला गळाच नाहीं." गळा होता, पट्टी नव्हती. त्या शेऱ्यानंतर कांहीं मुली पुन्हां कधीं गायल्या नाहींत, आणि एवढ्यासाठींच हा विषय मला नुसता तांत्रिक वाटत नाहीं.

आतां बाराहि पट्ट्यांवरून तेंच गाणें तसेंच निघावें यासाठीं पेटी एक तडजोड करते. सप्तकाचे बारा अगदीं सारखे भाग पाडते. आपल्या संगीताच्या पुस्तकांत षड्ज २४० आंदोलनांचा धरण्याची चाल आहे. त्या मानानें शुद्ध गंधार ३०० चा यावयास पाहिजे; पेटीचा गंधार ३०२ हूनहि किंचित् वर जातो. कानाला हा गंधार टोंचतो, आणि सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांना तो फारच टोंचला. डेप्युटी कलेक्टरीवरून निवृत्त झालेल्या या गृहस्थानें १९१० सालीं बावीस श्रुतींवर इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केलें, आणि क्लेमंट्स नांवाच्या सिव्हिलियन न्यायाधीशाच्या साहाय्यानें श्रुतींची खास पेटी विलायतेहून करवून घेतली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेंत श्रुतींचा हा वाद चांगलाच रंगला.

श्रुतींची पेटी घरोघर कां गेली नाहीं? तिचें यंत्र अवघड होतें हें खरें, पण एक कारण शुद्ध गणिताचें आहे. षड्ज २४० धरून सूर शुद्ध लावले तर ऋषभ २७०, गंधार ३००, मध्यम ३२०, पंचम ३६०, धैवत ४०० आणि निषाद ४५० असे येतात. आतां दुसरा गायक आला आणि त्यानें २७० च्या ऋषभालाच आपला षड्ज मानलें. त्याचा पंचम दीडपट, म्हणजे ४०५ हवा. पेटींत तेथें आहे ४०० चा धैवत. एकाला अमृत तें दुसऱ्याला बेसूर! शुद्ध सूर एका षड्जाशीं बांधलेले असतात. षड्ज हलला कीं सारे पुन्हां लावावे लागतात. पेटीचे सूर कोणाशींच पुरते प्रामाणिक नसतात, म्हणून सर्वांशीं सारखेच वागतात.

हा अप्रामाणिकपणा नभोवाणीला सोसला नाहीं. ऑल इंडिया रेडिओवर पाश्चात्य संगीताचा विभाग सांभाळणारे जॉन फोल्ड्स यांनीं १९३८ सालीं पेटीवर झणझणीत टीका लिहिली, रवींद्रनाथ ठाकूरहि तिच्या विरुद्ध होते, आणि १ मार्च १९४० पासून पेटीला नभोवाणीवर मज्जाव झाला. पेटींत मींड नाहीं आणि श्रुति नाहींत, हे दोन मुख्य आक्षेप. दोन्ही खरे आहेत. परंतु ज्या वर्षांत पेटी नभोवाणीच्या दाराबाहेर होती, त्याच वर्षांत ती खेड्यांतील देवळांत पक्की बसली. १९७१ सालीं ही बंदी कांहीं अटींवर सैल झाली.

कारागिरांनीं दरम्यान आपल्या परीनें तोड काढली. 'स्केल चेंजर' पेटींत पट्ट्यांची सबंध फळी सुरांवरून आडवी सरकते. वादकाचीं बोटें पांढरी एकवरच चालतात आणि आंतून काळी एक किंवा काळी दोन वाजते. रस्ता तोच ठेवून गांवच सरकवावें, अशी ही युक्ति आहे.

हीच युक्ति संगणकानें पूर्णत्वास नेली. अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकारानें १९८३ सालीं निरनिराळ्या कारखान्यांच्या विद्युत्-वाद्यांनीं एकमेकांशीं अंकांत बोलावें असा करार झाला. त्याला 'मिडी' म्हणतात. मिडींत आवाज सांठविलेला नसतो. कोणती पट्टी, केव्हां, किती जोरानें दाबली आणि केव्हां सोडली, एवढीच नोंद असते. पट्ट्यांना ० पासून १२७ पर्यंत अंक दिलेले आहेत. मधल्या सप्तकांतील पांढरी एक म्हणजे ६०, काळी एक ६१, काळी चार ६८. मग पट्टी बदलणें म्हणजे केवळ बेरीज! बांसरी, सतार, व्हायोलिन, पेटी अशा प्रत्येक वाद्याचा वेगळा ट्रॅक असतो. ते सारे निवडावे आणि प्रत्येक अंकांत सात मिळवावे, कीं काळी एकचें गाणें काळी चारमध्यें गेलें. कर्जतला गाडीच्या मागें बँकर इंजिनें लागतात आणि सारे डबे खंडाळ्यापर्यंत वर चढतात. डब्याडब्यांतलें अंतर तेवढेंच राहतें. हें तसेंच आहे. मींडेची नोंद मूळ सुराच्या मानानें केलेली असते, म्हणून तीहि बिघडत नाहीं. मात्र देवलांना टोंचणारा समभागी गंधार येथें मुकाट्यानें स्वीकारलेला आहे. त्यावांचून ही बेरीज इतकी सोपी झालीच नसती.

पण सर्वच डबे गाडीला जोडावयाचे नसतात, आणि नवशिके येथेंच फसतात. १९९१ सालीं ठरलेल्या संकेताप्रमाणें दहावी वाहिनी तालवाद्यांची आहे, आणि तिच्यांत अंक सुराचा नसून वाद्याचा असतो. ३६ म्हणजे पायानें वाजणारा मोठा ढोल, ४२ म्हणजे मिटलेल्या झांजेची हलकी टिचकी. यांतहि सात मिळविले तर ४२ चे ४९ होतात, आणि ४९ ही मोठी आदळणारी झांज आहे! ज्या अभंगांत मात्रेमात्रेला नाजूक टिचकी होती तेथें भांडीं कोसळूं लागतात. म्हणून तालाचा ट्रॅक आधीं वगळावा. कांहीं वाद्यांच्या ट्रॅकमध्यें अगदीं खालच्या पट्ट्या सुरासाठीं नसून वादनाची तऱ्हा बदलण्यासाठीं ठेवलेल्या असतात. त्याहि हलवूं नयेत. तबला-पखवाजाची गोष्ट आणखी वेगळी. वगळला तर बोल शाबूत राहतात, पण सूर जुन्या षड्जांतच राहतो. तो त्या वाद्याच्या स्वतंत्र खुंटीनें निराळा मिळवावा लागतो.

दुसरा विचार दिशेचा. काळी एकवरून काळी चारला जावयाचें तर सात वर चढतां येतें किंवा पांच खालीं उतरतां येतें. वर नेल्यास बांसरी कर्कश होते; खालीं आणल्यास खर्जाचीं वाद्यें गढूळ होतात. सबंध गाणें पांचानें उतरवून एखादी बांसरी तेवढी पुन्हां बारानें वर ठेवावी, असा निर्णय कानानेंच करावा लागतो. शिवाय कांहीं सॉफ्टवेअरमध्यें मूळ नोंद तशीच राहून केवळ वाजतांना अंतर मिळविलें जातें, तर कांहीं ठिकाणीं नोंदच नव्यानें लिहिली जाते. दोन्ही एकदम केल्यास गाणें सातऐवजीं चौदा पट्ट्या चढून बसतें.

आज आमच्या भागांतहि मुलें घरच्या खोलींत बसून असे ट्रॅक तयार करतात, आणि स्पर्धांत मुली पेटीवाल्याऐवजीं त्यांवर गातात. अडचण येते ती तयार ट्रॅकची. तो एकदां आवाजाच्या स्वरूपांत मुद्रित झाला, कीं पितळेच्या सुराइतकाच हट्टी होतो. यंत्रानें तो ओढूनताणून चढवितां येतो, पण दोन-तीन पट्ट्यांपलीकडे वाद्यांचा पोत फाटूं लागतो, आणि माणसाचा आवाज असला तर तो बाहुलीसारखा ऐकूं येतो. पंचवीस मुलींच्या समूहगीताला काळी एकचा तयार ट्रॅक हातीं देणारा संयोजक आणि माझ्या वेळचा तो काळी एकचा पेटीवाला यांत मला फरक दिसत नाहीं. ट्रॅक करून घेतांना मुद्रित गाण्याबरोबर त्याची मूळ मिडी नोंदहि मागून ठेवावी, आणि पहिल्या तालमीच्या दिवशीं मुलींना कोणत्याहि वाद्यावांचून तें गीत म्हणावयास सांगावें. त्या आपण होऊन जेथें सा धरतील ती पट्टी कागदावर लिहून घ्यावी, आणि मग संगणकाकडे वळावें.