थांबायचं कुठे, निघायचं केव्हा

२२ डिसेंबर १९७१ रोजी पॅरिसमध्ये तेरा डॉक्टर आणि पत्रकारांनी एक संस्था स्थापन केली. तिचं फ्रेंच नाव 'मेदसां सां फ्रॉंतिएर'. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत ती 'डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स' म्हणून येते आणि काम करणाऱ्यांच्या तोंडी नुसती 'एमएसएफ'. युद्धात डोळ्यांनी पाहिलं ते जगाला सांगणारी संस्था, अशी तिची ख्याती आहे. पण या संस्थेच्या पहिल्या सनदेत सदस्यांवर चक्क मौनाचं बंधन होतं. ज्या देशात काम करायचं तिथल्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करायची नाही, जाहीर मतप्रदर्शन करायचं नाही, असं त्यात लिहिलेलं होतं. बोलण्यासाठी जन्मलेल्या संस्थेने सुरुवातीलाच गप्प राहण्याची शपथ घेतली. हा विरोधाभास तिला पुढे कधी सुखाने बसू देणार नव्हता, आणि माझ्या मते तिचं भलंही त्यानेच केलं.

या विरोधाभासाची मुळं बियाफ्रात आहेत. नायजेरियाचा आग्नेय भाग १९६७ मध्ये बियाफ्रा या नावाने फुटून निघाला, सरकारने नाकेबंदी केली आणि पोटं फुगलेल्या, हातापायांच्या काड्या झालेल्या मुलांची छायाचित्रं जगभर छापली गेली. १९६८ मध्ये फ्रेंच रेडक्रॉसतर्फे तिथे गेलेल्या डॉक्टरांत माक्स रेकामिये आणि बेर्नार कुशनेर होते. जाताना रेडक्रॉसच्या नियमाप्रमाणे काही न बोलण्याचं लेखी वचन त्यांनी दिलं होतं. परत आल्यावर त्यांनी 'ल मोंद'मध्ये लिहिलं आणि वचन मोडलं. त्यांच्या मनात दुसऱ्या महायुद्धाची जखम ताजी होती. ऑक्टोबर १९४२ मध्ये जिनिव्हात आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसच्या समितीने नाझींच्या अत्याचारांबद्दल जाहीर आवाहन करायचं नाही असं ठरवलं होतं. युद्धकैद्यांपर्यंत पोहोचण्याची वाट बंद होऊ नये, हे त्यामागचं एक कारण. पण ज्यांची नावं कुठल्याच कैद्यांच्या यादीत नव्हती, त्यांना या मौनाचा काही उपयोग झाला नाही.

बियाफ्राची गोष्ट इथेच संपवली तर ती फार सोपी होते. बियाफ्राचं नेतृत्व भुकेल्या मुलांच्या छायाचित्रांचा प्रचारासाठी वापर करत होतं. जानेवारी १९७० मध्ये शरणागती झाल्यावर ज्या सरसकट कत्तलीची भीती घातली जात होती ती झाली नाही. पुढे या संस्थेच्याच रोनी ब्रोमान यांच्यासारख्या अध्यक्षांनी हे स्पष्ट लिहिलं. मदतीसाठी गेलेला डॉक्टर भडकपणे बोलला तर तोही कुणाच्या तरी हातातलं बाहुलं होऊ शकतो, हा धडा त्यात होता. बोलायचं की नाही एवढाच प्रश्न कधी नव्हता. बोललेलं कुणाच्या कामी येतं, हाही होता.

स्थापनेला आपल्या शेजारच्या एका संकटाचाही हात लागला. नोव्हेंबर १९७० मध्ये तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात आलेल्या चक्रीवादळाने काही लाख माणसं मारली. 'तोन्युस' या फ्रेंच वैद्यकीय साप्ताहिकाने डॉक्टरांना आवाहन केलं आणि त्यातून जमलेला गट बियाफ्रावाल्यांना येऊन मिळाला. पहिल्या मोहिमा निकाराग्वातला १९७२ चा भूकंप, होंडुरासमधलं १९७४ चं वादळ अशा होत्या. उत्साह दांडगा, तयारी तुटपुंजी. मदत उशिरा पोहोचायची, औषधं अपुरी पडायची.

बदल घडला थायलंडच्या सीमेवर, कंबोडियातून पळून आलेल्यांच्या छावण्यांत. क्लोद मालुरे यांच्यासारख्या तरुण डॉक्टरांनी तिथे महिनोन्‌महिने काम केलं आणि त्यांना पक्कं कळलं की नुसत्या सद्‌भावनेवर छावणी चालत नाही. पाणी, संडास, लसीकरण, नोंदवह्या, औषधांचा साठा, सगळं लागतं. याक पिनेल नावाच्या औषधशास्त्रज्ञाने तयार संचांची पद्धत बसवली: इतक्या माणसांसाठी, इतक्या दिवसांसाठी लागणारं सगळं सामान खोक्यांच्या एकाच गठ्ठ्यात, यादीसकट. या माणसाचं नाव नोबेलच्या बातम्यांत कुठे येत नाही. पण कॉलऱ्याच्या साथीत पहिल्या दोन दिवसांत जे जीव वाचतात ते मुख्यतः त्या खोक्यांमुळे. संस्थेच्या इतिहासात भाषणांना फार जागा मिळाली आणि खोक्यांना फार कमी, अशी माझी तक्रार आहे.

१९७९ मध्ये पहिली मोठी फूट पडली. व्हिएतनाममधून होड्यांतून पळणाऱ्यांना वाचवण्यासाठी जहाज पाठवावं, पत्रकारांनाही बरोबर न्यावं, ही कुशनेर यांची कल्पना. मालुरे आणि त्यांच्या सोबत्यांना ती दिखाऊ वाटली. सभेत मतदान झालं, कुशनेर हरले, बाहेर पडले आणि १९८० मध्ये त्यांनी 'मेदसां द्यु मोंद' ही दुसरी संस्था काढली. संस्थापकच गेला तरी संस्था मोडली नाही. उलट बेल्जियम, स्वित्झर्लंड, हॉलंड अशा शाखा फुटल्या आणि प्रत्येक शाखा स्वतःचं मत घेऊन भांडू लागली. बाहेरच्याला ही बजबजपुरी वाटेल. पण युद्धात निर्णय चुकला तर माणसं मरतात. तिथे एकमुखी संस्थेपेक्षा स्वतःशी वाद घालणारी संस्था मला जास्त भरवशाची वाटते.

इथिओपियात या वादांची खरी परीक्षा झाली. १९८४ च्या दुष्काळात जगभरातून पैसा लोटला, गाण्यांच्या मैफली झाल्या. मेंगिस्तू यांच्या सरकारने त्याच मदतीचा गळ केला. उत्तरेतली माणसं धान्याच्या आशेने केंद्रांवर यायची आणि तिथून त्यांना सक्तीने दक्षिणेत हलवलं जायचं. या स्थलांतरात असंख्य माणसं मेली. 'एमएसएफ'च्या फ्रेंच शाखेने हे जाहीर सांगितलं आणि डिसेंबर १९८५ मध्ये सरकारने तिला हाकलून दिलं. इतर बहुतेक संस्था गप्प राहिल्या आणि काम करत राहिल्या. त्यांनाही रुग्ण होते, त्यांचं म्हणणं मी धुडकावून लावणार नाही. पण आपण वाटलेल्या धान्यानेच माणसं जाळ्यात ओढली जात असतील, तर वाटप चालू ठेवणं हे तटस्थपणाचं लक्षण उरत नाही.

नऊ वर्षांनी रवांडात याहून वाईट पेच उभा राहिला. एप्रिल ते जुलै १९९४ या शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसं, मुख्यतः तुत्सी, मारली गेली. संस्थेचे शंभरावर रवांडन कर्मचारी त्यांत होते. बुतारेच्या इस्पितळात जखमींना खाटांवरून नेऊन ठार करण्यात आलं. डॉक्टर पाठवून वंशसंहार थांबत नाही, लष्करी हस्तक्षेप करा, अशी मागणी संस्थेने तेव्हा केली. शस्त्रांपासून दूर राहणाऱ्या संस्थेने सैन्य मागावं, यावरून तिची हतबलता कळते.

मग सत्ता पालटली आणि कत्तली करणाऱ्यांसह लाखो हुतू सीमा ओलांडून झाईरमधल्या गोमाला आले. काळ्या लाव्ह्याची जमीन, खड्डा खणता येत नाही, पाणी नाही. कॉलरा आणि हगवणीने पहिल्या महिन्यातच सुमारे ५० हजार माणसं गेली. संस्थेचे डॉक्टर अहोरात्र राबले आणि साथ आटोक्यात आली. आटोक्यात आल्यावर दिसलं की छावण्यांचा ताबा मारेकऱ्यांच्याच हाती आहे. तेच माणसांचे आकडे फुगवून सांगत होते, जादा शिधा विकत होते, पोरांना कवायती देत होते. परतू पाहणाऱ्यांना मारत होते. नोव्हेंबर १९९४ मध्ये फ्रेंच शाखा निघून गेली. डच आणि बेल्जियन शाखा मागे राहिल्या. छावणीतल्या तापाने फणफणलेल्या मुलाने कुणाला मारलेलं नाही, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरंच होतं. आपण वंशसंहाराच्या फौजेला पोसतो आहोत, हे फ्रेंच शाखेचं म्हणणंही खरंच होतं. पुढच्या वर्षी त्या दोन शाखाही बाहेर पडल्या. तीस वर्षांनंतरही या संस्थेत जमलेली माणसं गोमाबद्दल एकमताने बोलत नाहीत, आणि बोलू नये.

१९९९ च्या नोबेल शांतता पुरस्काराबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. ऑस्लोच्या व्यासपीठावरून अध्यक्ष जेम्स ऑर्बिन्स्की यांनी चेचन्यातल्या बॉम्बफेकीबद्दल रशियाला सुनावलं. पुरस्काराची रक्कम दुर्लक्षित आजारांच्या औषधांसाठी लावली. या औषधांच्या लढ्यात मुंबईचा धागा आहे. फेब्रुवारी २००१ मध्ये 'सिप्ला'चे युसुफ हमीद यांनी एचआयव्हीवरची तिहेरी औषधं या संस्थेला प्रतिरुग्ण वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली. तेव्हा पाश्चात्त्य कंपन्यांच्या औषधांचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या वर होता. आफ्रिकेतल्या उपचारांचं गणित त्या एका देकाराने बदललं. पुढे २००६ मध्ये संस्थेने मुंबईत काम सुरू केलं आणि गोवंडीतल्या तिच्या दवाखान्यात औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचे रुग्ण उपचार घेऊ लागले. २०१० मध्ये केरळचे डॉ. उन्नी करुणाकरा संस्थेचे आंतरराष्ट्रीय अध्यक्ष झाले.

एकविसाव्या शतकात दवाखान्याची भिंतच सुरक्षित राहिली नाही. ११ सप्टेंबरनंतर अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांनी स्वयंसेवी संस्थांना आपल्या लढाऊ ताकदीत भर घालणाऱ्या साथीदार म्हटलं. अफगाणिस्तानात लष्कराने वाटलेल्या पत्रकांत मदत हवी असेल तर बंडखोरांची माहिती द्या, असा सूर होता. जून २००४ मध्ये बादघिस प्रांतात संस्थेच्या पाच जणांना गोळ्या घातल्या गेल्या. चोवीस वर्षांच्या कामानंतर तिने तो देश सोडला आणि २००९ मध्ये पुन्हा पाऊल टाकलं. ३ ऑक्टोबर २०१५ च्या पहाटे कुंदूझमधल्या तिच्या अपघात-शस्त्रक्रिया रुग्णालयावर अमेरिकी विमानाने तासभर मारा केला. जागेचे अक्षांश-रेखांश आधीच कळवलेले होते. ४२ माणसं मेली: २४ रुग्ण, १४ कर्मचारी, ४ नातेवाईक. अमेरिकेने चूक झाली म्हटलं, काहींवर शिस्तभंगाची कारवाई केली, फौजदारी खटला एकावरही भरला नाही. मे २०१६ मध्ये सुरक्षा परिषदेने रुग्णालयांच्या संरक्षणाचा २२८६ क्रमांकाचा ठराव केला. त्यानंतर सीरिया, येमेन, युक्रेन, गाझा, सुदान इथे रुग्णालयांचं काय झालं ते आपण पाहतोच आहोत.

काबूलच्या दश्त-ए-बर्ची भागातल्या प्रसूतिगृहाची आठवण मला सर्वांत जास्त छळते. हजारा समाजाच्या त्या वस्तीत संस्था वर्षाला सोळा हजारांच्या आसपास बाळंतपणं करत होती. १२ मे २०२० रोजी बंदूकधारी आत शिरले आणि थेट प्रसूतिकक्षाकडे गेले. १६ माता ठार झाल्या, काही कळा देत असताना. महिन्याभरात संस्थेने ते काम थांबवलं. तिला दोष देण्याची माझी हिंमत नाही. पण त्या वस्तीतल्या पुढच्या सोळा हजार बायका कुठे गेल्या असतील, हा प्रश्नही टाळता येत नाही. निघून जाण्याचा नैतिक भार नेहमी निघणारा उचलतो, शारीरिक भार मात्र मागे राहणारी बाई उचलते.

पैशाच्या बाबतीत संस्थेने धरलेला हट्ट मला पूर्ण पटतो. २०१६ मध्ये युरोपीय संघाने तुर्कस्तानशी करार करून निर्वासितांना दारातच अडवलं, तेव्हा संस्थेने संघाचा आणि त्याच्या सदस्य देशांचा निधी नाकारला. आधीच्या वर्षी तिथून सुमारे साडेपाच कोटी युरो आले होते. आज तिचा जवळजवळ सगळा पैसा सत्तर लाखांहून अधिक सामान्य देणगीदारांकडून येतो. म्हणून २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवली आणि यूएसएड गुंडाळली, तेव्हा तिचं अंदाजपत्रक कोसळलं नाही. पण या बळाला मर्यादा आहे. आजूबाजूचं धान्यवाटप बंद पडलं, शेजारच्या संस्थेने पाण्याचे टँकर थांबवले, सरकारी केंद्रातली एचआयव्हीची औषधं संपली, की तिच्या दारातली रांग दुपटीने वाढते. कुपोषित मूल बरं करून घरी पाठवायचं आणि घरात दाणा नसल्याने ते पुन्हा आणायचं, हे किती काळ चालणार? एकटी स्वतंत्र संस्था मोडकळीला आलेल्या व्यवस्थेची जागा घेऊ शकत नाही. संयुक्त राष्ट्रांवर सडकून टीका करणाऱ्या या डॉक्टरांनाही आता त्यांच्याच धान्याच्या ट्रकची वाट पाहावी लागते.

संस्थांच्या भवितव्याची चर्चा हल्ली पैशाभोवती फिरते. मला खरा प्रश्न माणसांचा वाटतो. या संस्थेत काम करणाऱ्यांपैकी फार मोठा हिस्सा त्या-त्या देशातल्याच माणसांचा आहे. परदेशी डॉक्टर परतीच्या विमानात बसतो तेव्हा रवांडातली परिचारिका, सुदानमधल्या एल फाशेरचा चालक, गाझातला शल्यविशारद तिथेच राहतो. मरणाऱ्यांतही तेच जास्त. तरीही पगार, पदं आणि थांबण्या-निघण्याचा निर्णय दीर्घकाळ युरोपातल्या मुख्यालयांकडे होता. २०२० मध्ये सुमारे हजार आजी-माजी कर्मचाऱ्यांनी पत्र लिहून संस्थेतल्या वंशभेदावर बोट ठेवलं. २०२५ मध्ये इस्रायलने परदेशी संस्थांच्या नोंदणीसाठी पॅलेस्टिनी कर्मचाऱ्यांच्या नावांची यादी मागितली. यादी दिली तर नावं जोखमीत, नाही दिली तर रुग्णालयं. गोमाचाच पेच, पण इथे आपल्या माणसांची नावं पणाला लावायची आहेत. ज्यांची नावं त्या यादीत जायची, त्यांच्या संमतीशिवाय हा निर्णय कुठल्याही संचालक मंडळाने घेऊ नये असं मला ठामपणे वाटतं.

सुदानमध्ये फेब्रुवारी २०२५ मध्ये संस्थेला झमझम छावणीतलं काम थांबवावं लागलं. एप्रिलमध्ये छावणीवर हल्ला झाला आणि तिथली माणसं पायी, उन्हात, तविलाकडे निघाली. तविलाच्या रुग्णालयात त्यांना सलाइन लावणारी तुकडी याच संस्थेची होती. २०१९ पासून पॅरिस, ब्रुसेल्स, ॲमस्टरडॅम, जिनिव्हा, बार्सिलोना यांच्या जोडीला आयव्हरी कोस्टमधल्या अबिजानमध्येही तिचं मोहिमा चालवणारं केंद्र आहे. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या माणसांनी उभारलेलं हे सहावं केंद्र. पुढच्या गोमात राहायचं की निघायचं, हे तिथल्या टेबलावर ठरायला हवं, आणि त्या टेबलाशी छावणीत रात्रपाळी केलेली परिचारिका बसलेली हवी.