प्रोसेसरला पाठ असलेले आकडे

इंटेलचा ८०८७ हा गणिती सहप्रोसेसर १९८० साली आला, तेव्हा त्याला सात आकडे पाठ होते: शून्य, एक, पाय आणि चार लॉगॅरिदम. यातला कुठलाही आकडा मेमरीकडे न जाता एका आज्ञेत रजिस्टरमध्ये येई. सर्वसाधारण प्रोग्राम चाळले तर हे लॉग क्वचितच दिसतात, ०.५, २, १० मात्र जागोजागी. मग यादी चुकली होती का? मला तसं वाटत नाही. आपलं यंत्र कोण वापरणार, याबद्दलची रचनाकारांची अटकळ अशा यादीत उतरलेली असते. ८०८७ च्या घातांकाच्या आज्ञा २ हा पाया धरून चालत. ‘ई’चा घात हवा असेल तर आधी ‘ई’च्या द्विपायी लॉगने गुणावं लागे. म्हणजे ते लॉग गणिती फंक्शनांची लायब्ररी हाताने लिहिणाऱ्यासाठी होते, कंपायलरसाठी नव्हते.

कोणी म्हणेल, यात अटकळ कसली, अनुभवातून यादी सुधारत गेली इतकंच. पण डेक कंपनीचा व्हॅक्स १९७७ चा, ८०८७ च्या आधीचा. उच्चस्तरीय भाषांचे कंपायलर डोळ्यांसमोर ठेवून आखलेल्या या यंत्रात आज्ञेतल्याच सहा बिटांत ०.५ ते १२० मधले ६४ आकडे बसवले होते, आणि पाय त्यात नव्हता. एआरएमच्या जुन्या फ्लोटिंग पॉइंट आज्ञासंचातले आकडे तर आठच: ०, १, २, ३, ४, ५, ०.५ आणि १०. पुढे एआरएमने आठ बिटांत चिन्ह, घातांक आणि अपूर्णांक कोंबून २५६ आकडे मिळवले, अधिक-उणे ०.१२५ पासून ३१ पर्यंत. या मांडणीत शून्य मात्र लिहिताच येत नाही. त्यासाठी कंपायलरला वेगळी वाट ठेवावी लागते, आणि कोड तपासणाऱ्याने डोळ्यांत तेल घालून पाहायची जागा हीच. स्थिरांक शून्य आहे का, हे साध्या तुलनेने ठरवलं तर उणे शून्यही त्यात खपून जातं. मग रजिस्टर कोरं केलं की चिन्ह पुसलं जातं, आणि १ ला त्याने भागल्यावर उणे अनंताऐवजी अधिक अनंत येतं. म्हणून इथे तुलना बिटांचीच हवी.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: कॅश इतकी वेगवान असताना आकडा मेमरीतून आणला तर बिघडलं कुठे? पुष्कळदा काहीच नाही. ६४ बिटी एआरएमवर ०.१ घ्या. त्याच्या बिटांत हेक्स ९ सलग येतो, म्हणून तो साचा एका आज्ञेत उभा करून दोन टोकं दुरुस्त करता येतात. मग तो फ्लोटिंग पॉइंट रजिस्टरमध्ये हलवायचा. एकूण चार आज्ञा. मेमरीतून आणायला सहसा दोन पुरतात, पण डेटा कॅशमधली जागा जाते आणि कॅशमध्ये आकडा नसेल तर ताटकळावं लागतं. कोणता मार्ग स्वस्त, हे त्या त्या चिपवर आणि कोड लहान हवा की वेगवान यावर ठरतं. त्यामुळे किती आज्ञांपर्यंत आकडा असा उभा करायचा, याची एका चिपवर मोजून घातलेली मर्यादा सगळ्यांना लावणारा कंपायलरमधला बदल मी तरी मंजूर करणार नाही.

यादीमागची अटकळ मात्र आजही दिसते. रिस्क-व्ही या खुल्या आज्ञासंचाची ‘झेडएफए’ ही जोड पाहिली, तर तिथे ३२ आकडे आहेत. अनंत आणि ‘संख्या नाही’ हेही त्यात आहेत, उणे आकड्यांपैकी फक्त -१ आहे. पाय नाही, लॉग नाहीत, आणि १० सुद्धा नाही.