वॉल्टर डीन मायर्स : पोरांच्या बाजूनं लिहिणारा माणूस

आमच्या वस्तीतल्या समाजमंदिरात आम्ही वाचनालय चालवतो. वाचनालय म्हणजे दोन लोखंडी कपाटं, एक सतरंजी आणि एक ट्यूबलाइट. कपाटात बाबासाहेबांचे खंड, फुल्यांचं समग्र वाङ्मय, आत्मकथनं, कवितासंग्रह. तीन वर्षांमागं तिथं एक चौदा वर्षांचा पोरगा यायला लागला. बाप नाक्यावर उभा राहणारा बिगारी, आई चार घरची धुणीभांडी करणारी. म्हणाला, "दादा, वाचायला कायतरी द्या." मी मोठ्या उत्साहानं एक जाडजूड खंड त्याच्या हातात ठेवला. आठवड्यानं त्यानं तो परत आणला. "दादा, हे मोठ्या माणसांचं हाय. आपल्यासारख्या पोरांचं काय नाय का?"

मी कपाट धुंडाळलं. पोरांची म्हणून जी पाचदहा पुस्तकं होती त्यात वाडा होता, मामाचा गाव होता, शहाणी हुशार भावंडं होती. नाक्यावरच्या बिगाऱ्याचा पोरगा कुठंच नव्हता. पुढं तो यायचा बंद झाला. आता बापाशेजारी नाक्यावर उभा राहतो. मला बघितलं की मान खाली घालतो. खरं तर मान मी खाली घालायला पाहिजे.

म्हणून मित्रांनो, आज एका माणसाची हकिकत सांगतो. त्यानं जन्मभर अशाच पोरांसाठी कादंबऱ्या लिहिल्या. नाव वॉल्टर डीन मायर्स. अमेरिकेतला काळा लेखक.

१२ ऑगस्ट १९३७ ला वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्ग गावी तो जन्मला. तेव्हा नाव वॉल्टर मिल्टन मायर्स. दोन वर्षांचा व्हायच्या आतबाहेर आई गेली. घरात पोरांचं लेंढार, खायला नाही. त्याला हर्बर्ट आणि फ्लोरेन्स डीन या जोडप्याकडं सांभाळायला दिलं. त्यांनी त्याला न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये वाढवलं. हर्बर्ट झाडलोट, हमाली, माल पाठवायची कामं करायचा. फ्लोरेन्स कधी कारखान्यात, कधी लोकांच्या घरी राबायची. तिला वाचता यायचं बेताचंच. प्रेमकथांची स्वस्त मासिकं मांडीवर घेऊन ती मोठ्यानं वाचायची, ओळीखाली बोट फिरवायची. त्या बोटामागं पोरगं चौथ्या-पाचव्या वर्षी वाचायला शिकलं. पुढं त्यानं लेखक म्हणून डीन हे नाव आपल्या नावात घातलं. सांभाळणाऱ्या मायबापाचं ऋण त्यानं असं पुस्तकाच्या कव्हरावर छापून ठेवलं.

हार्लेम आपल्याला अगदीच परकं नाही. बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात शिकले, ते विद्यापीठ हार्लेमला लागूनच. त्याचं फाटक ११६ व्या रस्त्यावर. वॉल्टरच्या पहिल्या कादंबरीतली काळी पोरंही ११६ व्या रस्त्यावरचीच. मध्ये फक्त एक टेकाड आणि बाग. १९४६ साली बाबासाहेबांनी काळ्यांचे विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या दुःखातलं साम्य सांगितलं. १९७२ ला आपल्या पोरांनी पँथर हे नाव घेतलं तेही तिकडच्याच काळ्या पँथरांवरून. तेव्हा ही सोयरीक जुनी आहे.

तर वॉल्टर. पोरगं हुशार, पण जिभेत दोष. शब्द स्पष्ट फुटायचे नाहीत. वर्गात उभं राहून वाचलं की पोरं हसायची, की हा हाणामारी करायचा. शाळेत "वाईट पोरगा" हा शिक्का बसला. २००१ साली आत्मकथन लिहिलं तेव्हा त्यानं त्याला तेच नाव दिलं, 'बॅड बॉय'. एका बाईंनी वर्गात चित्रांचं कॉमिक वाचताना त्याला पकडलं आणि ते फाडून टाकलं. पण त्याच बाईंनी नंतर आपल्या कपाटातली चांगली पुस्तकं आणून त्याच्यापुढं ठेवली. नुसतं फाडून त्या थांबल्या असत्या तर ही हकिकत इथंच संपली असती. शाळेतल्याच एका बाईंनी सांगितलं, जे शब्द तुला नीट म्हणता येतात तेच वापरून स्वतःचं लिही आणि ते वाच. लिखाणाला असा हात लागला. टाइपरायटरसाठी त्यानं पैसे साठवले, ते घरात खर्च झाले. तेव्हा हर्बर्टनं आपल्या कमाईतून त्याला एक जुना टाइपरायटर आणून दिला. हे लक्षात ठेवा. त्याचं पुढं काम आहे.

स्टायव्हेसंट या नावाजलेल्या शाळेत नंबर लागला. पण थोडं मोठं झाल्यावर कळलं की कॉलेजला पाठवायला घरात पैसा नाही. दुसरंही एक कळलं. इतकी वर्षं ज्या पुस्तकांवर जीव टाकला त्यात आपण कुठंच नाही. नायक गोरे, घरं गोऱ्यांची, दुःखंही गोऱ्यांची. पुढं त्यानं लिहिलंय की पुस्तकं दुश्मन झाली नाहीत, पण जुन्या दोस्तांमध्ये बसल्यावर अवघडल्यासारखं व्हावं तसं झालं. वाचन सुटलं, शाळा सुटली. १९५४ साली सतरावं लागलं आणि तो सैन्यात भरती झाला.

इथं जरा थांबा. आपण म्हणतो, पोरं वाचत नाहीत, मोबाइलमध्ये तोंड घालून बसतात. हा पोरगा तर वाचनवेडा होता. तरी पुस्तकातनं बाहेर पडला. दार कुणी लावलं होतं?

सैन्यातनं सुटल्यावर पोस्टात नोकरी, बांधकामावर मजुरी, मिळेल ते काम. बांधकामावर राबताना त्याला शाळेतल्या एका बाईंचे शब्द आठवले. काहीही झालं तरी लिहिणं सोडू नकोस, असं त्या म्हणाल्या होत्या. रात्री परत लिहायला बसला. याच सुमारास जेम्स बाल्डविनची 'सनीज ब्लूज' ही कथा हाताला लागली. कथेतली माणसं हार्लेमची, गल्ल्या ओळखीच्या. आपल्या गल्लीवर लिहायला चालतं, ही परवानगीच त्याला त्या कथेनं दिली. परवानगी हा त्याचाच शब्द. आपल्यातल्या किती जणांना पहिलं दलित आत्मकथन वाचून हेच वाटलं असेल!

आता जरा आकडे बघू. १९६५ साली नॅन्सी लॅरिक या बाईंनी एक लेख लिहून अमेरिकेला हादरा दिला. १९६२ ते १९६४ या तीन वर्षांत निघालेली पोरांची ५,२०६ पुस्तकं त्यांनी तपासली. त्यातल्या फक्त ३४९ पुस्तकांत, म्हणजे शंभरात सात सुद्धा नाही, एखादं तरी काळं माणूस होतं. बाकी सगळं जग पांढरंफेक. त्याच वर्षी बालपुस्तकांतला हा वंशभेद मोडायला एक संघटना उभी राहिली. तिनं १९६८ ला काळ्या लेखकांसाठी स्पर्धा घेतली आणि त्यात वॉल्टर जिंकला. 'व्हेअर डज द डे गो?' हे ते चित्रपुस्तक १९६९ ला छापून आलं. त्यात एक काळा बाप पोरांना घेऊन फिरायला निघतो आणि दिवस मावळल्यावर जातो कुठं यावर पोरं आपापली अक्कल चालवतात. एवढंच. पण काळा बाप प्रेमळ असतो, पोरांचं ऐकून घेतो, हे छापणंच तेव्हा मोठं होतं.

१९७० ला तो एका प्रकाशन कंपनीत संपादक झाला. १९७५ ला पहिली कुमार कादंबरी आली, 'फास्ट सॅम, कूल क्लाइड अँड स्टफ'. १९७७ ला नोकरी गेली. तेव्हापासून तो निव्वळ लेखणीवर जगला. रोज ठरलेली पानं लिहायची, जसा कामगार पाळीवर जातो तशी. शंभरावर पुस्तकं झाली.

१९८८ ची 'स्कॉर्पिअन्स' घ्या. बारा वर्षांचा जमाल, थोरला भाऊ तुरुंगात, आणि पोराच्या हातात पिस्तूल येतं. त्याच साली 'फॉलन एंजल्स' आली. हार्लेमचा सतरा वर्षांचा रिची कॉलेजला पैसे नाहीत म्हणून व्हिएतनामच्या लढाईत जातो. वॉल्टरचा धाकटा भाऊ १९६८ साली तिथंच मारला गेला होता. पुस्तक त्यालाच अर्पण केलंय. त्यात शिव्या आहेत म्हणून कित्येक शाळांतनं ते काढून टाकायची मागणी झाली. पोरं लढाईत मेलेली चालतात, मरताना शिवी दिलेली चालत नाही! आपल्या भाषेला नाक मुरडणारे आठवले ना?

त्याची सगळ्यात गाजलेली कादंबरी १९९९ ची 'मॉन्स्टर', म्हणजे राक्षस. सोळा वर्षांचा स्टीव्ह हार्मन. दुकानावर दरोडा पडतो, दुकानदार मरतो, आणि स्टीव्ह त्यात सामील होता म्हणून खटला चालतो. सरकारी वकील आरोपींना राक्षस म्हणते. कोठडीत बसून हा पोरगा सगळा खटला सिनेमाच्या पटकथेसारखा लिहून काढतो. या कादंबरीसाठी वॉल्टर तुरुंगांत जाऊन कैद्यांशी बोलला होता. शेवटी स्टीव्ह सुटतो. आनंदानं हात पसरून आपल्या वकील बाईंकडं वळतो आणि त्या तोंड फिरवतात. निर्दोष ठरला तरी बाईंना त्याच्यात काय दिसलं? पोरगा पुढं तेच शोधत राहतो. या पुस्तकाला २००० साली कुमार साहित्याचं पहिलं प्रिंट्झ पारितोषिक मिळालं.

मोठे मान मिळाले. २०१२ आणि २०१३ ही दोन वर्षं तो पोरांच्या साहित्याचा राष्ट्रीय राजदूत होता. वाचन ही चैन नाही, त्याच्यावाचून भागत नाही, हे तो गावोगाव सांगत फिरला. पण मान मिळाला म्हणून गप्प बसला नाही. मार्च २०१४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये त्यानं हिशेब मांडला. २०१३ साली तिथं पोरांची सुमारे ३,२०० पुस्तकं निघाली, त्यातली काळ्यांविषयीची ९३. लॅरिकबाईंच्या लेखाला जवळजवळ पन्नास वर्षं झाली होती आणि आकडा शंभरात तीनवर आला होता.

त्याच लेखात त्यानं एक आठवण सांगितली. तो एका कारखान्याच्या नोकरभरतीत काम करत होता. रसायनतज्ज्ञाच्या जागेला दोन उमेदवार सारख्याच लायकीचे, एक गोरा, एक काळा. याचं म्हणणं, दोघांनाही प्रयोगशाळेत पाठवू. साहेब चकित झाला. तो काळा रसायनतज्ज्ञ असूच शकत नाही, असं म्हणाला. त्या साहेबानं काळा शास्त्रज्ञ ना शेजारी बघितला, ना लहानपणी पुस्तकात. म्हणजे पुस्तकातलं नसणं पुढं माणसाच्या भाकरीवर येतं.

त्यानंतर चार महिन्यांच्या आत, १ जुलै २०१४ ला, तो वारला. वय ७६.

आता हर्बर्टचं सांगतो. पोराची इतकी पुस्तकं निघाली, पण हा बाप त्यावर कधी अवाक्षर बोलला नाही. वॉल्टरला वाटायचं, म्हाताऱ्याला आपलं लिहिणं पसंत नाही. फार वर्षं हे शल्य राहिलं. म्हातारा गेल्यावर त्याची कागदपत्रं चाळताना उलगडा झाला. हर्बर्टला वाचताच येत नव्हतं. अक्षरं न येणाऱ्या माणसानं पोराला टाइपरायटर आणून दिला, आणि पोरानं लिहिलेलं एक पानही त्याला वाचता आलं नाही. लाजेनं त्यानं ते जन्मभर लपवलं.

हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. नाक्यावरच्या त्या पोराच्या बापाचा अंगठा मी आमच्या मोर्चाच्या निवेदनावर किती वेळा घेतलाय!

मित्रांनो, आपण कविता लिहितो, आत्मकथनं लिहितो, भाषणं तर रोजच करतो. ते पाहिजेच. पण चौदा वर्षांच्या पोरासाठी आणि पोरीसाठी आपल्यातलं कोण लिहितंय? त्या वयात शाळेनं शिक्का मारलेला असतो, घरात पैसा नसतो, आणि पुढं नाका की कॉलेज हे ठरत असतं. ते पोरगं निसटल्यावर आपला खंड कुणी उघडायचा?

मी एक ठरवलंय. एक गोष्ट लिहायला घेतलीय, नाक्यावरच्या पोराची. झाली की छापायच्या आधी समाजमंदिरात मोठ्यानं वाचणार. त्या पोराला बोलवायला त्याच्या घरी जाणार आहे. त्याच्या बापालाही सांगणार, तुम्हीपण या. ऐकायला अक्षरं लागत नाहीत.