समीकरण सोडवा पायरीपायरीने

दापोली : गणिताच्या दोन नामवंत प्राध्यापकांचा वारसा दापोली तालुक्याला लाभला आहे. मुरूडमध्ये बालपण गेलेले महर्षी धोंडो केशव कर्वे (जन्म १८५८) आणि १८९९ मध्ये केंब्रिज येथे ‘सीनियर रँग्लर’ ठरलेले मुर्डीचे र. पु. परांजपे (जन्म १८७६). दोघांनीही पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापन केले. त्यांच्याच वयांवरून एकचल समीकरणाची उकल समजून घेऊ.

प्रश्न : कर्वे यांचे वय परांजपे यांच्या वयाच्या तिप्पट केव्हा होते?

पायरी १ : परांजपे यांचे वय क्ष मानू. कर्वे १८ वर्षांनी मोठे. म्हणून त्यांचे वय क्ष + १८.

पायरी २ : अटीनुसार, क्ष + १८ = ३क्ष.

पायरी ३ : दोन्ही बाजूंतून क्ष वजा करू. १८ = २क्ष.

पायरी ४ : दोन्ही बाजूंना २ ने भागू. क्ष = ९.

ताळा : ९ + १८ = २७ आणि ३ × ९ = २७. म्हणजेच ते वर्ष १८८५.

‘पद पलीकडे नेले की चिन्ह बदलते’ हा नियम विद्यार्थी पाठ करतात. त्याचे कारण तिसऱ्या पायरीत आहे. समीकरण हा तराजू होय. एका पारड्यातून जे काढले, ते दुसऱ्यातूनही काढावे लागते. चिन्ह बदलायचे राहिले, तर १८ = ४क्ष, म्हणजे क्ष = ४.५ असे उत्तर येते. ताळा पाहिल्यास डावी बाजू २२.५ आणि उजवी १३.५ भरते, आणि चूक तेथेच उघड होते. परीक्षेत ताळ्यासाठी दिलेले अर्धे मिनिट म्हणूनच वाया जात नाही.