देवगिरीच्या वाटेवरचे बालवीर

शाळांच्या स्मरणिका चाळल्या म्हणजे इमारतींची छायाचित्रे, निकालांची टक्केवारी, जिंकलेल्या ढालींची यादी हे सारे सापडते. बालवीर पथकाच्या पायी सहलींना त्यांत फार तर एखादी ओळ मिळते. याचे कारण उघड आहे. सहलीचा इतिहास संघनायकाच्या वहीत असतो आणि वही रद्दीत जाते. माझ्या शाळेतील पथकाच्या वह्याही अशाच गेल्या. दोन वर्षांपूर्वी मी तेथील अडगळीच्या खोलीत शोध घेतला, तेव्हा हाती लागले ते बूड काळे झालेले एक पितळी पातेले. काठावर नाव घातलेले होते : ‘गरुड संघ’. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे आमचे जुने औरंगाबाद, त्याच्या आसपासच्या वाटांवर बालवीरांबरोबर एक प्रश्न नेहमी चालत आला आहे आणि तो या पातेल्याशी निगडित आहे. शेकोटीवर शिजलेले अन्न कोणी कोणाच्या हातचे खायचे?

प्रश्न एका परीने चळवळीइतकाच जुना आहे. १९०७ च्या ऑगस्टमध्ये रॉबर्ट बेडन-पॉवेल या ब्रिटिश सेनाधिकाऱ्यांनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळील ब्राउनसी बेटावर वीसएक मुलांचे पहिले शिबिर भरविले. माग काढणे, टेहळणी करणे, उघड्यावर राहणे ही विद्या त्यांनी लष्करात मिळविली होती. १८७६ पासूनची त्यांची उमेदीची कितीतरी वर्षे भारतातच गेली होती. परंतु ब्राउनसीचे नावीन्य त्या विद्येत नव्हते. तेथे बड्या घरच्या, ईटन-हॅरोसारख्या शाळांतील मुलांना पूल व बोर्नमथ येथील कष्टकऱ्यांच्या मुलांबरोबर एकाच संघात घातले होते. त्या काळच्या इंग्लंडमध्ये ही मुले एरवी एका बाकावरही बसली नसती. पुढच्याच वर्षी ‘स्काउटिंग फॉर बॉइज’ हे पुस्तक निघाले. बालवीर सर्वांचा मित्र आहे आणि दुसरा बालवीर कोणत्याही सामाजिक थरातला असला तरी तो त्याचा भाऊ आहे, असे त्यातील चौथा नियम सांगतो.

हा नियम समुद्र ओलांडून आपल्याकडे आला तेव्हा मात्र त्याची विचित्र अवस्था झाली. १९०९ साली कॅप्टन बेकर यांनी बंगळूर येथे देशातील पहिले पथक काढले. पुढील दोन वर्षांत पुण्याजवळील खडकी, लोणावळा, जबलपूर, मद्रास, सिमला येथे पथके निघाली. (आमच्या शहराचेही मलिक अंबराच्या काळातील नाव खडकीच; पण ही खडकी ती नव्हे.) या साऱ्या पथकांत प्रवेश होता तो फक्त युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांना. भावाचा नियम पाठ करायचा आणि ज्या देशात राहायचे त्या देशाच्या मुलांना दाराबाहेर ठेवायचे! मध्य प्रांतात विव्हियन बोस यांनी, जे पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले, याच दशकात भारतीय मुलांना या शिक्षणाची वाट खुली केली. १९१६ मध्ये ॲनी बेझंट व अरुंडेल यांनी मद्रासेत भारतीय बालवीरांची स्वतंत्र संस्था स्थापिली. उत्तरेत पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी सेवा समितीची पथके उभी केली. १९२१ मध्ये बेडन-पॉवेल भारतात आल्यावर बेझंटबाईंची संस्था मूळ संघटनेत मिसळली. सेवा समिती बाहेरच राहिली. १९३७ च्या भेटीनंतर भारतीयांच्या शीलाविषयी त्यांनी जे अनुदार उद्गार काढले, त्यांच्या निषेधार्थ अनेक पथके बाहेर पडली आणि १९३८ मध्ये हिंदुस्थान स्काउट संघटना जन्माला आली. नियम करणाऱ्यालाच तो नियम जड गेला, हे येथे नमूद केले पाहिजे. ही भांडणे मिटून ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काउट्स ही एकच संस्था झाली व १९५१ साली वीरबालांचीही तीत भर पडली. औरंगाबाद तेव्हा हैदराबाद राज्यात होते. निजामाची राजवट संपून अवघी दोन वर्षे लोटली होती.

आपल्या ख्रिस्तसभेनेही प्रारंभी या चळवळीकडे संशयाने पाहिले. रानातल्या मैत्रीच्या नावाखाली श्रद्धेचा कणा मऊ होईल, अशी अनेक धर्मगुरूंची भीती होती. फ्रेंच येशूसंघीय फादर झाक सेव्हँ यांनी १९१३ मध्ये इंग्लंडला जाऊन बेडन-पॉवेल यांची भेट घेतली आणि १९२० साली फ्रान्समध्ये कॅथलिक बालवीर संघटना उभारण्यात पुढाकार घेतला. त्यांना २०१२ मध्ये वंदनीय घोषित करण्यात आले. इटलीत तर १९२८ साली मुसोलिनीच्या राजवटीने बालवीर पथकांवर बंदी घातली. मिलानकडील काही मुलांनी ती मानली नाही. ‘भटके गरुड’ असे नाव घेऊन ती डोंगरदऱ्यांत चोरून शिबिरे भरवीत राहिली, आणि १९४३ नंतर त्याच आडवाटांनी त्यांनी छळाला बळी पडणाऱ्या ज्यूंना व इतरांना स्वित्झर्लंडमध्ये पोहोचविले. आमच्या संघाचे नाव गरुड कोणी व का ठेवले ते मला माहीत नाही. त्या इटालियन मुलांवरून ते खासच नव्हे. तरी ही हकिकत वाचली त्या दिवशी मला ते पातेले आठवले.

आमच्या भागात सुवार्ता घेऊन आलेले संत फ्रान्सिस डी सेल्स संघाचे पहिले मिशनरी आल्प्सच्या कुशीतील सव्हॉयचे. डोंगरातल्या माणसांना मराठवाड्याचे माळ रखरखीत वाटले असतील. पण शहरापासून पश्चिमेला निघाले की पंधराएक किलोमीटरवर देवगिरीचा डोंगर एकाएकी उभा राहतो. बालवीरांची पहिली मोठी सहल परंपरेने येथलीच. तासून उभा केलेला कडा, खंदक, आणि त्यापुढील ‘अंधारी’ हा काळोखा, वळणावळणांचा चढता बोगदा. शत्रूला चकविण्यासाठी यादवांच्या या किल्ल्यात जे केले गेले, ते मुलांना शिस्त शिकवायला फार उपयोगी पडते. अंधारीत पुढच्याचा शब्द ऐकल्यावाचून पाऊल टाकता येत नाही. दुसऱ्या दिवशी घाट चढून खुलताबाद आणि उतरून वेरूळ. तेथे चौतीस लेण्यांत बौद्ध, हिंदू आणि जैन एकाच कड्याला शेजारी म्हणून राहतात. मोठ्या मुलांची मजल पुढे म्हैसमाळला, क्वचित कन्नडच्या बाजूला पितळखोऱ्यात उतरण्यापर्यंत जाई. नकाशा, होकायंत्र, काठी, दोर, शिट्टी, गळ्यात पट्टी आणि खांद्यावर शिधा. आठ जणांचा एक संघ. लाकडे, पाणी, स्वयंपाक यांच्या पाळ्या ठरलेल्या.

मी वसतिगृहातला मुलगा. १९८३ च्या डिसेंबरात सहलीला गेलो तेव्हा विद्यापीठाच्या नामांतराचा वाद धुमसत होता. विधिमंडळाच्या १९७८ च्या ठरावानंतर मराठवाड्यात दलितांची घरे जळाली होती, आणि त्याची झळ पाहिलेली मुले आमच्या पथकातही होती. पहिल्या मुक्कामी, देवगिरीच्या पायथ्याशी, खिचडीची पाळी माझ्या शेजारच्या गावच्या एका मुलावर आली. शहरातल्या एका मुलाने पोट बरे नसल्याचे सांगून घरचा डबा काढला. त्याचे पोट का बरे नव्हते ते सर्वांना कळले. येथपर्यंतची कथा आपल्या ओळखीची आहे, आणि ती सांगताना आपण नेहमी उपाशी राखलेल्याच्या बाजूला उभे असतो.

परंतु त्या रात्री मीही ती खिचडी खाल्ली नाही. आमची दोन्ही कुटुंबे ख्रिस्ती, एकाच मिशनची, एकाच मिस्साला बसणारी. पण आमचे पूर्वज गावाच्या एका वाड्यातून देवळात आले होते आणि त्याचे दुसऱ्या. आमच्या घरी त्यांच्या हातचे खात नसत. बाप्तिस्म्याच्या पाण्याने जे धुऊन निघाले असे आम्ही म्हणत होतो, ते चुलीपाशी तसेच होते. मी भूक नाही म्हणालो आणि दौलताबादचे पेरू खाऊन निजलो.

आमच्या स्काउटमास्तर सरांनी हे पाहिले. ते एक शब्दही बोलले नाहीत. सकाळी पाळ्यांचा कागद बदललेला होता : वेरूळच्या मुक्कामी पाणी आणि स्वयंपाक, मी व तो. त्याआधी अंधारी चढताना तो माझ्या पुढे होता. पायरी आली, वाकून चल, डावीकडे भिंत आहे, असे तो सांगत गेला आणि एका ठिकाणी त्याने माझे मनगट धरले. संध्याकाळी आम्ही दोघांनी पिठले रांधले. ते खाली लागले आणि सर्वांनी खाल्ले. डबेवाल्यानेही खाल्ले, कारण त्याचा डबा संपला होता. त्याचे मन पालटले असे मी म्हणणार नाही. परत आल्यावर त्याने आम्हा कोणाला घरी बोलाविले नाही.

पुढे गुरुविद्यालयात गलतीकरांस पत्र शिकताना अंत्युखियाचा प्रसंग आला. परराष्ट्रीयांबरोबर जेवणारा पेत्र, यरुशलेमेकडची माणसे येताच पंक्तीतून उठतो आणि पौल त्याला तोंडावर दोष देतो. प्राध्यापक त्याची ईशशास्त्रीय उकल करीत होते, आणि मला पेरूंचा वास येत होता.

आता शाळांच्या सहली बसने जातात. पालकांची संमतिपत्रे, विमा, ठेकेदाराचे जेवण. मुलांच्या सुरक्षिततेसाठी हे योग्यच आहे आणि जुन्या दिवसांचे गोडवे गाण्यासाठी मी हे लिहीत नाही. आमच्यापैकी एकाचा पाय पितळखोऱ्यात मोडला होता आणि त्याला काठ्या व सदऱ्यांची डोली करून वर आणावे लागले. मात्र ठेकेदाराचा आचारी एकच असतो. कोणी रांधले हे मुलांना दिसत नाही, म्हणून कोणी खाल्ले नाही हेही दिसत नाही. आमच्या धर्मग्रामातील लग्नांत अजूनही काही पाहुणे अक्षता टाकून, जेवणाआधी निघतात. घाईचे कारण सांगतात.

अशाच एका लग्नात तो मला भेटला. निवृत्तीला आलेला, नातवंडाला कडेवर घेतलेला. मी पानावर बसल्यावर तो शेजारी येऊन बसला. चाळीस वर्षांत त्या रात्रीविषयी आम्ही कधी बोललो नव्हतो. वरण वाढून होईपर्यंत तो गप्प होता, मग म्हणाला, “फादर, त्या दिवशीचे पेरू गोड होते का हो?”

मी खरे ते सांगितले. कच्चे होते.