अरबी समुद्रातील हंपबॅक देवमासा

अरबी समुद्रातील हंपबॅक देवमासा हा हंपबॅक जातीच्या देवमाशांचा एक लहान व एकाकी समूह आहे. (नावात 'मासा' असला तरी देवमासा हा सस्तन प्राणी आहे.) आययूसीएनने २००८ साली या समूहाची स्वतंत्रपणे 'संकटग्रस्त' म्हणून नोंद केली. ओमानच्या किनाऱ्यावर २००४ पर्यंत घेतलेल्या छायाचित्रांवरून तेथील संख्या अवघी ८२ च्या आसपास असल्याचा अंदाज काढण्यात आला. जनुकीय अभ्यासानुसार हा समूह सुमारे ७०,००० वर्षांपासून इतर हंपबॅकपासून अलग आहे.

आहार

जगातील इतर हंपबॅक देवमासे उन्हाळ्यात ध्रुवांकडील थंड पाण्यात भरपूर खातात आणि हिवाळ्यात उष्ण समुद्रात प्रजननासाठी येऊन बहुतांशी उपाशी राहतात. तेव्हा अंगातील चरबीवर त्यांचा निर्वाह चालतो. अरबी समुद्रातील समूह मात्र असे स्थलांतर करीत नाही. उत्तरेला जमीन असल्याने ध्रुवाकडे जाण्याची वाट नाही, आणि दक्षिणेकडे जाण्याची गरजही पडत नाही. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे ओमान व सोमालियाच्या किनाऱ्यांवरील पृष्ठभागाचे पाणी दूर लोटले जाते आणि त्याच्या जागी खोलवरचे थंड, पोषक द्रव्यांनी समृद्ध पाणी वर येते. त्यातून प्लवकांची प्रचंड वाढ होते व त्यावर तारलीसारखे थव्याने राहणारे छोटे मासे आणि क्रिल पोसले जातात. हेच या देवमाशांचे अन्न होय. देवमासा जबडा उघडून भक्ष्यासह पाण्याचा मोठा घोट घेतो. गळ्याखालील वळ्या त्या वेळी फुग्यासारख्या ताणल्या जातात. नंतर वरच्या जबड्यातील झालरीसारख्या बॅलीन पट्ट्यांतून पाणी बाहेर टाकले जाते व भक्ष्य आत अडकते.

या आहाराविषयीची बरीचशी माहिती शिकारीतूनच मिळालेली आहे, हे नमूद करणे आवश्यक आहे. मुख्यतः नोव्हेंबर १९६६ मध्ये सोव्हिएत जहाजांनी अरबी समुद्रात २४२ हंपबॅक बेकायदा मारले. मेलेल्या प्राण्यांच्या जठरांत छोटे मासे व क्रिल आढळले. या नोंदी दडवून ठेवण्यात आल्या होत्या. युरी मिखालेव यांनी त्या १९९७ मध्ये प्रसिद्ध केल्या. एवढ्या लहान समूहाला तो आघात अजून भरून काढता आलेला नाही, असे मानले जाते.

धोके

व्यापारी शिकार थांबली असली तरी ज्या पाण्यात देवमाशाचे अन्न आहे, तेथेच मासेमारीही चालते. गिलनेट जाळ्यांत अडकणे हा सर्वांत गंभीर धोका ठरला आहे. ओमानमधील एका अभ्यासात शेपटीच्या बुडख्याची छायाचित्रे तपासली असता ३० ते ४० टक्के प्राण्यांवर जाळ्यांत अडकल्याच्या शक्यतेचे व्रण दिसले. जहाजांची धडक, त्यांचा आवाज आणि त्वचारोग हेही धोके आहेत. मोसमी वाऱ्यांचे चक्र बदलल्यास अन्नसाखळीच विस्कळीत होऊ शकते, आणि या समूहाला खाण्यासाठी दुसरी जागा ज्ञात नाही.

भारतीय किनारा

'लुबान' नावाच्या मादीला नोव्हेंबर २०१७ मध्ये ओमानमध्ये उपग्रहाशी जोडलेले यंत्र बसवण्यात आले. ती अरबी समुद्र ओलांडून भारताच्या दक्षिण टोकापर्यंत आली आणि पुन्हा ओमानला परतली. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये गोव्याच्या किनाऱ्याजवळ पाण्याखालील ध्वनिमापकांवर हंपबॅकचे गाणे नोंदले गेले होते.